दमा असलेलं मूल पाळणाघरात

दमा असलेलं मूल पाळणाघरात ठेवताना डब्यासोबत त्याचा पंप, स्पेसर, मास्क आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचना तिथल्या ताईंकडे द्या. लहान मुलाच्या तोंडात थेट पंप मारला, तर बरंचसं औषध घशातच राहतं. म्हणून स्पेसरचा मास्क नाकातोंडावर घट्ट धरायचा, एकच फवारा सोडायचा, पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे; मग पंप हलवून पुढचा. पंपाची सवय लागते, ही भीती मनातून काढाच. खोलीत उदबत्ती, डासांची कॉइल नको. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात असतील, बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ताईंनो, पालकांची वाट पाहू नका. लगेच १०८ क्रमांकावर फोन करा आणि मदत येईपर्यंत सूचनेप्रमाणे पंप देत राहा.