उजव्या कानातली खरखर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मागच्या पावसाळ्यात माझ्या उजव्या कानात खरखर सुरू झाली. आधी बारीक, चुलीत ओलं लाकूड तडतडावं तशी. मग मधूनच फट्‌ असा आवाज. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. मी मिरजेत वाढलो. आमच्या गावात सतारमेकर गल्ली आहे, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. तिथे कान गेला म्हणजे माणसाचं निम्मं घरदार गेलं. शिवाय मी कविता करतो, तीही कानानेच.

डॉक्टरांनी कान तपासले. म्हणाले, वयाप्रमाणे उंच स्वर थोडे कमी ऐकू येतात, पण खरखरीचं काही कारण दिसत नाही. तेव्हा कुठे डोक्यात आलं, की खरखर होते ती फक्त रात्री, हेडफोन लावल्यावर! घरी येऊन हेडफोन उलटे घातले. खरखर डाव्या कानात गेली. मी एकटाच मोठ्याने हसलो. बायको आतून म्हणाली, ‘‘काय झालं हो?’’ म्हटलं, कान शाबूत आहे, यंत्र बिघडलंय.

हे यंत्र मुलाने पुण्याहून आणून दिलेलं. हेडफोनसाठीचा छोटा अॅम्प्लिफायर. त्याच्या डोक्यावर अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह उभा असतो, काचेचा, आत नारिंगी उजेड. पुढचं जड काम ट्रान्झिस्टर करतात. ज्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ पाहिले आहेत त्यांना आठवेल, बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट काहीच व्हायचं नाही, आणि मग लांबून कुणीतरी चालत यावं तसा आवाज जवळ यायचा. ते तसंच आहे हे. फ्लेमिंगने १९०४ साली पहिला व्हॉल्व्ह केला, डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात आणखी एक तार घालून आवाज वाढवायची वाट दाखवली, आणि १९४७ साली ट्रान्झिस्टर आल्यावर हळूहळू या काचेच्या बरण्यांची सद्दी संपली. संपली म्हणजे दुकानातून संपली. लोकांच्या कानातून नाही.

मी हे यंत्र लावतो ते एका कॅसेटसाठी. माझी अम्मी पहाटे जात्यावर दळताना ओव्या म्हणायची. घरात बोलणं दखनी, पण जात्यावर बसली की मराठी. गल्लीतल्या साऱ्याच बायकांची तीच रीत. अब्बांनी १९८२ साली एका पहाटे टेपरेकॉर्डर पिठाच्या डब्यामागे लपवून तिचा आवाज भरून घेतला. चाळीस मिनिटं. अम्मीला कळल्यावर ती दोन दिवस बोलली नव्हती त्यांच्याशी. मी मराठीत का लिहितो असं मला लोक विचारतात. मी उत्तर देत नाही, पण उत्तर त्या कॅसेटमध्ये आहे. आता दोघंही नाहीत. कॅसेटची चुंबकीय पट्टीही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. मुलाने तिची प्रत संगणकात करून ठेवली आहे, तरी मी मूळच ऐकतो.

तर बिघाड कुठे? हेडफोन मोबाइलला लावले, स्वच्छ. मग टेपकडून येणाऱ्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. खरखर जागची हलली नाही. म्हणजे टेपही निर्दोष. उरला व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हचं नाव ईसीसी ८२, अमेरिकेत त्यालाच १२एयू७ म्हणतात. युरोपातल्या नावांना अर्थ असतो. ‘ई’ म्हणजे आतली तार तापवायला ६.३ व्होल्ट, ‘सी’ म्हणजे ट्रायोड, दोनदा ‘सी’ म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड, आणि आठचा आकडा म्हणजे नऊ पायांची बैठक. एका काचेत दोन बिऱ्हाडं. माझ्या यंत्रात एक डाव्या कानाचं, एक उजव्या. उजव्या कानाचं बिऱ्हाड भांडायला लागलं होतं.

अब्बांचं दर्ग्याच्या वाटेवर रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. उरुसात कव्वालीला लागणारे कर्णे आणि अॅम्प्लिफायरही तेच दुरुस्त करायचे. त्यांचा पत्र्याचा डबा माळ्यावर होता. त्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह निघाले. बंगळुरूच्या त्या कारखान्यात १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह होऊ लागले होते. पण माझ्या कामाचा त्यातला एकही नाही. मग एक ईसीसी ८३ सापडला. नऊ पाय, तीच बैठक, तापवायला तेवढेच व्होल्ट. लावला. अम्मी एकदम ओरडायलाच लागली, आणि तिच्यामागे फुसफुस, जणू घरात साप शिरला. मुलगा फोनवर म्हणाला, ‘‘अब्बू, आधी काढा तो! ८२ आवाज सतरा-अठरा पट वाढवतो, ८३ शंभर पट. पाय जुळले म्हणजे सोयरीक जुळली असं नसतं.’’ उलट्या बाजूचा धोकाही त्याने सांगितला. १२बीएच७ नावाचा एक दणकट व्हॉल्व्ह याच बैठकीत बसतो, पण तापायला दुप्पट करंट खातो. छोट्या यंत्राचा ट्रान्सफॉर्मर त्याने भाजून निघू शकतो.

शेवटी मुंबई गाठली. एका दुकानदाराने कापसात गुंडाळलेला मुलार्डचा व्हॉल्व्ह दाखवला. इंग्लंडचा, जुना, न वापरलेला. किंमत ऐकून मी खाली बसलो. तरी घेतला. घरी येऊन भिंगातून पाहिलं. मुलार्डच्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या व्हॉल्व्हवर, काचेच्या तळाशी, करड्या रंगात कोरल्यासारखी बारीक अक्षरं असतात. दुसऱ्या ओळीची सुरुवात ‘बी’ने. हॉलंडमधल्या हेर्लेनच्या मालावर ‘बी’च्या जागी त्रिकोण. माझ्या व्हॉल्व्हवर अक्षरं नव्हतीच. वरचं नाव मात्र झगझगीत, पुसता पुसेना. जुन्या मुलार्डचं नाव ओल्या बोटाने पुसलं जातं, ही त्याची खूण! जे नाव टिकतं ते खोटं, अशी ही दुनिया. माझे पैसे गेले.

त्यानंतर मी शिकलो. काचेच्या डोक्यावर आतून चांदीसारखा मुलामा असतो, तो बेरियमचा. आत उरलेली हवा तो खातो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेत हवा शिरली, फेकून द्या. व्हॉल्व्ह चालू असताना पेन्सिलीने हळूच टिचकी मारायची. हेडफोनमध्ये घंटेसारखं वाजलं तर तो हेडफोनच्या कामाचा नाही. बदलताना यंत्र बंद करून, प्लग काढून, काच निवू द्यायची, कारण आत जीव घेण्याइतके व्होल्ट असू शकतात आणि प्लग काढल्यावरही थोडा वेळ रेंगाळतात. आणि विकणाऱ्याला एकच विचारायचं: दोन्ही ट्रायोड मोजलेत का, सारखे आहेत का? जुनं नाव, जुनं खोकं, देश, हे सगळं नंतर.

विशेषणांवर तर अजिबात जाऊ नये. ‘उबदार’, ‘मधाळ’, ‘मखमली’. हा आमचा कवींचा धंदा आहे, मला त्यातली लबाडी कळते. एक विशेषण वाढलं की पाचशे रुपये वाढतात. मुलगा सुट्टीत आला तेव्हा मी डोळे मिटून बसलो आणि त्याने न सांगता दोन व्हॉल्व्ह आलटूनपालटून लावले. एक स्लोव्हाकियात आजही तयार होणारा, नवा. दुसरा त्याच्या मित्राकडून आणलेला अस्सल जुना जर्मन. दहापैकी सहा वेळा मी बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी पाच आलेच असते.

आमच्या शेजारचे एक चाचा तंबोरे बनवतात. घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवून जवारी खुली करतात. त्यांना मी हेडफोन लावायला दिले. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं, मग म्हणाले, ‘‘जवारी तेरी माँ के गले में है. मशीन बस चुप रहे.’’

स्लोव्हाकियाचा नवा व्हॉल्व्ह आता यंत्रात आहे. खरखर नाही, दोन्ही कान सारखे.

आणि मग दिवाळीत माळा झाडताना अब्बांच्या डब्याच्या तळाशी, उर्दू वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला एक ईसीसी ८२ निघाला. काचेवर फिकट ‘बी’. अस्सल. कागदावर अब्बांच्या अक्षरात लिहिलेलं : ‘एक बाजू सुस्त’. लावून पाहिला. खरंच, उजवा कान मंद, दुरून आल्यासारखा. हेडफोनच्या दृष्टीने निकामी माल. विकायला काढला तर अब्बांनी लिहिलेलं सांगूनच विकावा लागेल.

पण अम्मीची कॅसेट एकाच मायक्रोफोनवर भरलेली आहे. तिच्यात डावं-उजवं नाहीच. म्हणून शुक्रवारी रात्री मी नवा व्हॉल्व्ह काढतो, अब्बांचा लावतो, अर्धा मिनिट थांबतो, आणि हेडफोनची उजवी बाजू कानावरून मागे सरकवून डाव्या कानाने ऐकतो. उजव्या कानाला तेवढा वेळ घरातलं ऐकू येतं. बायको भांडी विसळत असते, रस्त्यावरून एखादी रिक्षा जाते, आणि डावीकडे जातं फिरत असतं.