कुंकू नको, अबोली हवी
(महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, मला भाषणाची सवय नाही. मी ब्लाउज शिवते, तीस वर्षं झाली. त्यामुळे बाई दारात आली की मला आधी तिचं कापड दिसतं, मग तोंड.

२००९ साली माझे यजमान गेले. तेराव्यानंतर मोठ्या जाऊबाईंनी मशीनवर दोन साड्या आणून ठेवल्या. एक राखी, एक फिकट बदामी. बोलल्या काहीच नाहीत. माझी आवड सगळ्या गल्लीला माहीत होती : डाळिंबी, मोरपंखी, ठसठशीत काठ आणि केसात अबोली. बदामी साडीचं मी मशीनला झाकण शिवलं, राखी साडी अस्तराला वापरली. दोन महिन्यांनी डाळिंबी नेसून बाजारात गेले. त्या लग्नसराईत नवरीचे ब्लाउज माझ्याकडे आले नाहीत. मुलाची फी भरायला कानातलं मोडलं.

मंगळसूत्र आणि जोडवी मात्र मी आपणहून काढली होती. कुंकू तर ते असतानाही लावत नव्हते. मला ते आवडतच नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट आपली आहे.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ते ऐकून मला रडू आलं. माझ्या आईच्या बांगड्या दगडावर फोडल्या, तेव्हा तिच्या मनगटातून रक्त आलेलं मी पाहिलंय.

पुढच्या संक्रांतीला आपल्याच कार्यकर्त्यांनी हळदीकुंकू ठेवलं, विधवांना मानानं बोलावून. मी अबोली माळून गेले. म्हटलं, तिळगूळ द्या, कुंकू नको. एक ताई हसून म्हणाल्या, "अजून भीती गेली नाही वाटतं!" फोटोवाला खोळंबला होता. मी लावून घेतलं. गिऱ्हाईक तुटलं तेव्हा वाकले नव्हते मी, आणि इथे एका फोटोसाठी मान पुढे केली! घरी येऊन माझं कुंकू मीच पुसलं.

डॉ. रखमाबाई आठवतात. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून १८८४ पासून १८८८ पर्यंत कोर्टात झगडलेली बाई. १९०४ मध्ये तो वारला, तेव्हा त्यांनी पांढरी साडी नेसली असं सांगतात. मला ते पटत नाही. पण मी तिथे असते तरी रंगीत नेसा म्हणून त्यांच्या मागे लागले नसते.

त्या ताई आज समोर बसल्या आहेत. रागावू नका. येत्या संक्रांतीला बोलावलंत तर मी येईन. ताटात हळद, कुंकू, फुलं, तिळगूळ सगळं ठेवा, जिला जे हवं ते ती आपल्या हातानं उचलेल. अबोलीचे गजरे माझ्याकडून.