गॅस डोक्यात चढतो तेव्हा

"डॉक्टर, गॅस डोक्यात चढतो" हे वाक्य रोजच्या ओपीडीत न ऐकलेला डॉक्टर या सभागृहात नसेल. सांगताना पेशंटचा हात बेंबीच्या वर सुरू होतो, छातीवरून मानेमागे जातो आणि कानशिलाशी थांबतो. टेबलावर कॅरीबॅगमध्ये सोनोग्राफी, एंडोस्कोपी, थायरॉइडचे रिपोर्ट असतात, सगळे नॉर्मल. आतड्यातला वायू डोक्यात जायला वाटच नाही हे माहीत असल्याने आपण मनातल्या मनात हसतो आणि म्हणतो, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." माझं म्हणणं असं की या दोन वाक्यांत पेशंटचं वाक्य शरीरशास्त्राच्या जास्त जवळचं आहे. वायू चढत नाही हे कबूल. पण पोटातून वर काहीतरी जातं, एवढं त्याने बरोबर ओळखलेलं असतं.

व्हेगस नर्व्ह म्हटली की आपल्याला आम्ल आणि आतड्याची हालचाल आठवते, म्हणजे वरून खाली येणारे हुकूम. प्रत्यक्षात तिच्यातले पाचापैकी चार तंतू खालची खबर वर नेतात. आणि खाली नुसती नळी पसरलेली नाही. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये कुत्र्याच्या आतड्याच्या बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या, तरी आतडं आतला गोळा पुढे ढकलत राहिलं. लँग्लीने १९२१ मध्ये आतड्याच्या भिंतीतल्या या मज्जाजालाला स्वायत्त संस्थेचा वेगळा विभाग मानलं. तरी मेंदूवर पोटाची सत्ता पाहायची तर प्रयोगशाळेत जायलाही नको, आपला वॉर्ड पुरेसा आहे. सिऱ्हॉसिसचा पेशंट दिवसा झोपतो, रात्री जागतो, हात पुढे करायला सांगितले की पंजे फडफडतात, मुलाचं नाव आठवत नाही. आपण डोक्याचं औषध देत नाही. लॅक्ट्युलोज देतो, दोन-तीन वेळा पोट साफ होऊ देतो, आणि बहुतेक वेळा माणूस भानावर येतो. कुणी म्हणेल, ही अमोनियाची विषबाधा झाली, संवाद नव्हे. बरोबर आहे. पण जपानमध्ये सुदो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना कोंडून ठेवलं, तेव्हा त्यांच्यात ताणाची संप्रेरकं नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त उसळली. लहान वयातच एका बिफिडोबॅक्टेरियमची वस्ती पोटात केली, तर उसळी आटोक्यात आली. इथे विष कुठलंच नव्हतं.

उलट दिशेचा पुरावा तर त्याहून जुना आहे. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या कामगाराला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरात उघडणारं भोक कायमचं राहिलं. लष्करी डॉक्टर बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. (आजच्या एथिक्स कमिटीने त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं.) त्यांच्या १८३३ च्या पुस्तकात नोंद आहे की राग किंवा भीतीने मन बिघडलं, की जठराच्या अस्तराचा रंग आणि ओल बदलते आणि पचन बिघडतं. म्हणजे रस्ता दुहेरी आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत माणसांचा १२ वर्षं मागोवा घेतला गेला. सुरुवातीला पोट ठीक पण मनात चिंता, अशांपैकी अनेकांचं पोट पुढे बिघडलं. आणि मन ठीक पण पोट बिघडलेलं, अशांमध्ये पुढे चिंता आणि नैराश्य वाढलेलं दिसलं. "टेन्शनमुळे पोट" हे आपलं ठरलेलं निदान त्यामुळे निम्म्या वाटेवरच थांबतं.

यावर आक्षेप असा येतो की हा जुन्या 'मानसिक' शिक्क्याचाच नवा अवतार आहे. २०१६ मध्ये रोम निकषांनी 'फंक्शनल' हा शब्द मागे टाकून 'आतडं-मेंदू आंतरक्रियेचे विकार' असं नाव दिलं, ते केवळ बारसं आहे का? मला तसं वाटत नाही. इंग्लंडमध्ये आयबीएसच्या ४६३ पेशंटना फॅमिली डॉक्टरांमार्फत कमी मात्रेचं अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा बिनऔषधाची गोळी दिली गेली. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. औषधाने पोटाचा त्रास कमी झाला, पण चिंता-नैराश्याच्या मोजमापात फरक पडला नाही. मन सुधारलं म्हणून पोट सुधारलं, असा अर्थ इथे लावताच येत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: या नावाखाली खरा आजार दडून राहील. आपल्याकडे आतड्याचा टीबी आहे, हे कुणी विसरू नये. वजन घटतंय, रक्त जातंय, हिमोग्लोबिन उतरलंय, ताप येतोय, दुखण्याने रात्री झोपमोड होतेय, किंवा तक्रार पन्नाशीनंतर नव्याने सुरू झाली, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून तपासण्याच करायच्या.

तिसरा धोका बाजाराचा. "९० टक्के सेरोटोनिन पोटात बनतं, म्हणून हे सॅशे घ्या, मन प्रसन्न राहील" अशी जाहिरात आता किराणा दुकानापर्यंत पोचली आहे. आकडा खरा आहे. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, त्याचं मुख्य काम तिथल्या तिथेच असतं. २०११ मध्ये एका लॅक्टोबॅसिलसने उंदरांची भीती कमी झाली, आणि व्हेगस तोडल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. प्रयोग सुरेख होता. तोच जंतू निरोगी पुरुषांना देऊन पाहिला, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. ताणावर परिणाम शून्य. दोन प्रयोगांत सहा वर्षांचं अंतर. जाहिराती मात्र पहिल्यावरच थांबल्या.

म्हणून हा पुरावा वापरायचा तो प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधीच्या तीन मिनिटांत. अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम लिहून कागद हातात दिला, तर संध्याकाळपर्यंत पेशंटचा पुतण्या मोबाइलवर शोधतो, 'डिप्रेशनची गोळी' असं वाचतो आणि पाकीट कपाटात जातं. त्याआधी आपणच सांगावं: "तुमच्या पोटाच्या नसा जरा जास्त जाग्या झाल्यात. त्या डोक्याला सतत निरोप धाडतात, डोकं घाबरून उलट निरोप धाडतं. रिपोर्टमध्ये हे दिसत नाही, पण दुखतं ते खरं आहे. ही गोळी जास्त मात्रेत नैराश्यासाठी देतात. तुम्हाला ती थोड्या मात्रेत, पोटाच्या नसांसाठी दिली आहे. रात्री घ्या, तोंड थोडं कोरडं पडेल, तीन-चार आठवड्यांनी परत या." आणि तो पुन्हा "गॅस डोक्यात चढतो" म्हणाला, तर चढू द्यावा. त्याला विचारावं, कधी चढतो, जेवल्यावर की भांडण झाल्यावर.