टीव्ही बंद केल्यावर काय उरतं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभागृहात झालेल्या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय ‘आवडत्या मालिका : करमणूक की वेळेचा अपव्यय?’ वेळ दिलाय पंधरा मिनिटं. म्हणजे मालिकेच्या एका भागापेक्षाही कमी! तरी प्रयत्न करतो.

हा विषय आत्ताच का निघाला, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रौप्यमहोत्सवी निधीतून थोडी रक्कम शिल्लक राहते आहे. कोणी म्हणतं, सभागृहात मोठा टीव्ही घ्या. कोणी म्हणतं, त्यापेक्षा दोन कपाटं घ्या आणि वाचनालय सुरू करा. मागच्या सभेत यावर आवाज जरा चढले होते. “घरोघरी टीव्ही आहे, आणखी एक डबडा कशाला?” असा एका बाजूचा मुद्दा. “आमचा दिवस त्या डबड्यावरच तर निघते!” हा दुसऱ्या बाजूचा. दोन्ही म्हणणी खरी आहेत, म्हणूनच वाद मिटला नाही.

आधी एक योगायोग सांगतो. आपल्या सोसायटीची नोंदणी झाली ते साल २०००. त्याच वर्षी ३ जुलैला स्टार प्लसवर एकाच दिवशी दोन कार्यक्रम सुरू झाले : ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. म्हणजे आपली सोसायटी आणि घराघरातली ही रोजची मालिका, दोघी एकाच वयाच्या. दोघींचा रौप्यमहोत्सव बरोबरच आला. ‘क्योंकि’ तर २९ जुलै २०२५ पासून पुन्हा नव्याने सुरूसुद्धा झाली. आपल्या इमारतीलाही यंदा नवा रंग दिलाय, तसंच म्हणा.

आता थोडा हिशेब. पहिल्या ‘क्योंकि’चे १८३३ भाग झाले. जाहिराती वगळून एका भागात साधारण २२ मिनिटांची गोष्ट धरली, तर ६७२ तास होतात. म्हणजे २८ दिवस आणि २८ रात्री. डोळ्याला डोळा न लावता पूर्ण एक फेब्रुवारी महिना! ही झाली एक मालिका. आपल्याकडे संध्याकाळी सातपासून सरासरी तीन मालिका पाहिल्या जातात असं समजू या. रोजचा दीड तास. वर्षाचे सुमारे ५४७ तास. पंचवीस वर्षांचे धरले तर ५७० दिवस भरतात, म्हणजे दीड वर्षापेक्षा जास्त. हा आकडा ऐकून वाचनालयवाले हसले, ते मला दिसलं. पण थांबा. पंचवीस वर्षांत आपण स्वयंपाकघरात, बसस्टँडवर आणि बँकेच्या रांगेत किती दिवस घालवले, तेही मोजायला पाहिजे. नुसते तास मोजून वेळ वाया गेला की नाही ते ठरत नाही. त्या तासातून काय निघालं, त्यावर ठरते.

टीव्हीच्या बाजूने बोलायचं तर पहिली गोष्ट सोबतीची. आपल्या सोसायटीत कितीतरी घरांत आता दोनच माणसं आहेत, काही घरांत एकच. मुलं पुण्याला, बंगलोरला, नाहीतर त्याही पलीकडे. अशा घरात साडेसातला मालिकेचं शीर्षकगीत लागलं की घरात माणसांचा आवाज येतो. गोळ्या घ्यायची वेळ त्यावर ठरते, कणीक भिजवायची वेळ त्यावर ठरते. एक आजी रोज रात्री पुण्याच्या लेकीला फोन लावतात आणि दोघी आजच्या भागाचा पंचनामा करतात. मी त्यांना विचारलं, “आजी, इतकं काय असते त्यात?” त्या म्हणाल्या, “अरे, मालिकेत काही नसते. पण रोज लेकीशी बोलाले काहीतरी तर पाहिजे ना!” यावर मला उत्तर सुचलं नाही. त्या मालिकेला वेळेचा अपव्यय कसं म्हणायचं?

दुसरी गोष्ट. बायकांच्या मालिका म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगतो. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू अशा राज्यांतल्या खेड्यांचा अभ्यास केला. ज्या गावात नुकतंच केबल आलं, तिथे आधी आणि नंतर काय फरक पडला ते त्यांनी पाहिलं. ‘नवऱ्याने मारलं तर चालते’ असं मानणाऱ्या बायकांचं प्रमाण केबल आल्यावर कमी झालं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला आणि घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला. सगळ्या मालिका काही सुधारणेसाठी निघालेल्या नव्हत्या. पण स्वतः कमावणारी, उलटून बोलणारी बाई रोज डोळ्यांपुढे दिसणं, एवढ्यानेही काहीतरी हललं.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेची. पूर्वी पडद्यावर विदर्भाचा माणूस आला की तो हसण्यापुरताच. अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी ‘चला हवा येऊ द्या’मध्ये हसवलं, पण आपलीच बोली ताठ मानेने बोलून हसवलं. २०१६ साली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली, त्यातली राधिका नागपूरची. आपल्यासारखं बोलणारी बाई नायिका झाली आणि मसाल्याचा धंदा उभा करून दाखवू लागली. तेव्हा आपल्या कंपाउंडात बाया किती खुशीत होत्या, ते आठवा. पण तीच मालिका चार वर्षांहून जास्त चालली, तेव्हा त्याच बाया म्हणू लागल्या, “आता संपवून टाका नं बाप्पा!” माझ्या मते प्रेक्षक म्हणून हे शहाणपणाचं लक्षण होतं.

इथेच खरा प्रश्न येतो. टीव्ही बंद केल्यावर काय उरतं?

आपल्या वर्ध्याला हा प्रश्न नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथेच राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते आणि त्यातून नई तालीम निघाली. मुलाने नुसतं बसून ऐकू नये, हाताने काम करावं आणि त्या कामातून शिकावं, हा तिचा गाभा. तेव्हा टीव्ही नव्हता. पण ही कसोटी टीव्हीला लावून पाहायला काय हरकत आहे? पाहिलेलं हातात, तोंडात, वागण्यात उतरते का?

उतरते, आणि त्याची उदाहरणं आहेत. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी. भाग संपला की अशोककुमार पडद्यावर यायचे आणि प्रेक्षकांशी बोलायचे, त्यांना विचार करायला लावायचे. त्या मालिकेला चार लाखांवर पत्रं आली. लोक नुसते पाहत नव्हते, उत्तर देत होते. गंमत अशी की सगळं सोसणारी आई, भागवंती, ही ‘असं सोसू नका’ हे सांगण्यासाठी रंगवली होती, पण कितीतरी प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली! म्हणजे लेखक एक सांगतो, आपण दुसरंच घेतो. म्हणून पाहिल्यानंतर चार माणसांत बोलणं जरुरीचं असते. एकट्याने पाहिलं तर आपली चूक आपल्याला दाखवणार कोण?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथे आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’ नावाचा कार्यक्रम होता. तो पाहणाऱ्या लोकांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं काढली. एकत्र बसायचं, कार्यक्रम पाहायचा, त्यावर चर्चा करायची आणि जमेल ते काम आपल्या वस्तीत करायचं. टीव्ही पाहून माणसं घरात कोंडली गेली नाहीत, उलट बाहेर पडली. आणि ‘सुरभि’! सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे दर आठवड्याला एक प्रश्न विचारायचे. उत्तराची पोस्टकार्डं इतकी जायची की स्वस्तातलं साधं कार्ड पोस्टाला परवडेना, स्पर्धेसाठी दोन रुपयांचं वेगळं कार्ड काढावं लागलं. उत्तर शोधायला घरातल्या मुलांनी पुस्तकं उघडली, मास्तरांना विचारलं. कार्यक्रम अर्ध्या-पाऊण तासाचा, पण तो आठवडाभर चालायचा.

आणखी एक उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यातलं. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. महिन्याचं मानधन १५०० रुपये. २०१९ साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये त्या एक कोटी रुपये जिंकल्या. त्या भागाच्या वेळी सगळा विदर्भ टीव्हीपुढे बसला होता असं म्हणायला हरकत नाही. पण पोट्ट्यांनो, लक्षात घ्या : टीव्हीने त्यांना खुर्ची दिली, उत्तरं दिली नाहीत. उत्तरं त्या सोबत घेऊन गेल्या होत्या. आपण सोफ्यावर बसून “मले येत होतं” म्हणतो, तेवढ्याने भागत नाही.

आता आजची गोष्ट. सोसायटी नवीन होती तेव्हा भारनियमन होतं. ऐन मालिकेत लाईन जायची आणि सगळे खाली कंपाउंडात यायचे. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता ते गॅलरीतून ओरडून गोष्ट सांगायचे. निम्म्या ओळखी त्या अंधारात झाल्या. आता लाईन जात नाही, पण एका घरात चार माणसं चार पडद्यांवर चार गोष्टी पाहून राहिली आहेत. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, उठायचीसुद्धा गरज नाही. जेवताना मोबाइल दिल्याशिवाय लेकरू तोंड उघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम. घरच्या आजी-आजोबांवर लेकरू सोपवून जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. थकलेल्या आजीला मोबाइल देणं सोपं पडते, यात तिचा दोष नाही. तिला अर्धा तास सुटी देणारं शेजारचं कोणी पाहिजे.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. शेवटचा झेल पकडला आणि आपल्या तिन्ही मजल्यांवरून एकाच वेळी आरडाओरडा झाला. मग अर्धी सोसायटी जिन्याने खाली. मध्यरात्रीच्या सुमाराला गोरसपाकाचे डबे निघाले! मला तेव्हा वाटलं, आपण सगळे एकच सामना पाहत होतो, तर वेगवेगळ्या घरांत का बसलो होतो?

म्हणून कार्यकारिणीपुढे माझं म्हणणं असं. टीव्ही घ्या. पण तो दिवसभर चालू ठेवण्यासाठी नको, रिमोट सचिवांच्या कपाटात राहू द्या. दर शनिवारी संध्याकाळी एक कार्यक्रम एकत्र पाहायचा आणि नंतर अर्धा तास त्यावर बोलायचं. बोलायचं नसेल त्याने ऐकायचं. सुरुवात श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’ने करावी असं मी सुचवतो. १९८८ ची मालिका, पंडित नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेली. तिचे भाग ५३. दर शनिवारी एक धरला तर बरोबर वर्षभर पुरते. प्रसार भारतीने आपला जुना ठेवा यूट्यूबवर खुला केला आहे, वेगळा खर्च नाही. ज्या आजींना त्यांची रोजची मालिका चुकवायची नाही, त्यांची वेळ सांभाळून आपली वेळ ठरवू. सामने असतील तेव्हा सामना. महिन्यातून एक शनिवार मुलांनी निवडलेला कार्यक्रम, आणि तो मोठ्यांनीही बसून पाहायचा, नाक न मुरडता.

वाचनालयवाल्यांनी नाराज होऊ नये. एक कपाट त्याच सभागृहात, टीव्हीच्या शेजारी ठेवा. ज्यावर शनिवारी बोलणं होईल, त्यावरचं पुस्तक कोणी ना कोणी सोमवारी मागायला येईल, अशी मला आशा आहे. आणि सहा महिन्यांत शनिवारी चर्चेला पाच माणसंही जमली नाहीत, तर टीव्ही विकून दुसरं कपाट घ्यावं, असंही ठरावात लिहून टाका. माझी हरकत नाही.

पंचवीस वर्षं आपण एका छताखाली राहिलो. पुढची पंचवीस वर्षं नुसतं एका छताखाली नको, निदान आठवड्यातून एकदा एका खोलीत बसू या.

ठरावाचा सूचक म्हणून माझं नाव लिहावं. अनुमोदक कोण होतंय, ते हात वर करून सांगा. सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.