घराचे वय आणि नियमाचे वय

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी चार वर्षे, म्हणजे २ फेब्रुवारी १९५५ रोजी, सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे या नव्या नगरात पहिल्यापासून जी माणसे येऊन राहिली, त्यांत नागपूर-भंडाऱ्याकडची मराठी कुटुंबेही होती. कारखान्याच्या बरोबरीने नगर उभे राहिले. रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, एकाच नमुन्याच्या क्वार्टरांच्या ओळी आणि त्यांमधून लावलेली झाडे, असे त्याचे स्वरूप होते. जेथे कालपर्यंत भाताची खाचरे होती, तेथे हजारो कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले.

ही घरे बांधणाऱ्या अभियंत्यांच्या हाती कोणते नियम होते? काँक्रीटच्या कामासंबंधीचे भारतीय मानक १९५३ साली प्रथम निघाले. इमारतीवर येणाऱ्या भारांविषयीचे मानक १९५७ सालचे आहे. भूकंपाचा विचार करून इमारतीची रचना कशी करावी, हे सांगणारे मानक मात्र १९६२ पर्यंत नव्हतेच. याचा अर्थ, भिलाईतील पहिली अनेक घरे भूकंपाच्या नियमाहून वयाने वडील आहेत. घर बांधून होते आणि स्थिर राहते. नियम मात्र बदलत राहतो. या दोघांच्या वयांत पडत जाणारे अंतर कसे सांभाळावे, हा शासनापुढील एक अवघड प्रश्न आहे.

आपल्या देशात इमारतींचे नियम तीन पायऱ्यांवर उभे आहेत. पहिली पायरी मानकांची. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने हे काम आरंभिले आणि १ एप्रिल १९८७ पासून ते भारतीय मानक ब्यूरोकडे आले. सिमेंट, सळई, वीट, लाकूड, पाया, भार अशा प्रत्येक बाबीसाठी स्वतंत्र मानक असते. दुसरी पायरी राष्ट्रीय इमारत संहितेची. निरनिराळी सरकारी खाती आणि नगरपालिका आपापल्या जुन्या नियमांनी कामे करीत. त्यांतील कित्येक नियम नव्या सामग्रीची दखलही घेत नसत. म्हणून नियोजन आयोगाच्या प्रेरणेने १९७० साली ही संहिता सिद्ध झाली. १९८३, २००५ आणि २०१६ या साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिसरी पायरी स्थानिक नियमांची, आणि कायद्याचे बळ असते ते येथेच. राज्यघटनेप्रमाणे जमीन आणि स्थानिक स्वराज्य हे राज्यांचे विषय असल्यामुळे राष्ट्रीय संहिता आपण होऊन कोणावरही बंधनकारक होत नाही. राज्याने किंवा नगरपालिकेने ती आपल्या नियमांत घेतली, तरच तिला दंडशक्ती लाभते.

भिलाईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मध्य प्रदेशाचा नगर व ग्राम निवेश अधिनियम १९७३ चा आणि भूमिविकास नियम १९८४ चे. २००० साली छत्तीसगड राज्य निर्माण झाल्यावर हेच नियम त्या राज्याकडे वारशाने आले व पुढे त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. भिलाईची महानगरपालिका १९९८ मधील आहे, तर कारखान्याच्या वसाहतीची व्यवस्था कारखान्याचाच नगरप्रशासन विभाग पाहत आला. एकाच गावात रस्त्याच्या अलीकडे एका मालकाची आखीव वसाहत आणि पलीकडे सुपेला, खुर्सीपार, कॅम्प येथील हजारो लहानमोठ्या घरमालकांची दाटी! नियमाचे पुस्तक एकच असले, तरी या दोन ठिकाणी ते सारख्याच सहजतेने पोहोचेल, असे कसे म्हणावे?

नियमांची दुरुस्ती होते कशी, तेही पाहण्याजोगे आहे. ब्यूरोच्या प्रत्येक विषयासाठी एक तज्ज्ञसमिती असते. तीत प्राध्यापक, सरकारी अभियंते, संशोधनसंस्था, उत्पादक आणि ग्राहक यांचे प्रतिनिधी बसतात. प्रत्येक मानकाचे निदान पाच वर्षांतून एकदा पुनर्विलोकन व्हावे, असा दंडक आहे. समितीने तयार केलेला मसुदा अभिप्रायासाठी सर्वत्र पाठविला जातो, आलेल्या सूचनांवर विचार होतो आणि मगच सुधारित मानक प्रसिद्ध होते. राज्य शासनही आपल्या नियमांत बदल करताना मसुदा राजपत्रात छापून हरकती व सूचना मागविते. रीत चांगली आहे. पण ती वापरतो कोण? मोठे बांधकाम व्यावसायिक आणि उत्पादक आपले म्हणणे वेळेवर मांडतात. ज्याच्या डोक्यावर ते छप्पर येणार, तो रहिवासी आणि ज्याच्या हातून भिंत उभी राहणार, तो गवंडी यांच्यापर्यंत मसुदा क्वचितच जातो. मानकांची भाषा बहुधा इंग्रजी, आणि तीही तज्ज्ञांची.

काही दुरुस्त्या सामग्री बदलल्यामुळे होतात. भिलाईसारख्या पोलादनगरीत हे विशेष लक्षात येते. जुन्या घरांच्या स्लॅबमध्ये साध्या गुळगुळीत सळया असत. पुढे पीळ दिलेल्या सळया आल्या आणि त्यानंतर उष्णतेची प्रक्रिया केलेल्या टीएमटी सळया, ज्या आज भिलाईचा कारखानाही तयार करतो. सळईची ताकद वाढली, तशी तिचा हिशेब करण्याची रीतही बदलावी लागली. काँक्रीटचे मानक १९५७, १९६४, १९७८ आणि २००० साली सुधारले गेले, त्यामागे असे वाढते ज्ञान आहे.

परंतु काही दुरुस्त्यांची किंमत माणसांनी मोजलेली असते. १९६२ च्या भूकंपनकाशात देशाचे सात पट्टे पाडले होते आणि दख्खनच्या पुष्कळशा भागाच्या वाट्याला शून्य हा क्रमांक आला होता. हा भाग प्राचीन खडकाचा, अतएव निर्धास्त, असा समज होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि तो समज कोसळला. १९७० च्या सुधारित नकाशातून शून्य पट्टा नाहीसा झाला, पट्टे पाच झाले आणि कोयनेचा परिसर चौथ्या पट्ट्यात गेला. तरीही मराठवाड्याचा किल्लारी भाग सर्वांत सौम्य अशा पहिल्या पट्ट्यातच राहिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, तेथील धरणी हलली आणि काही हजार माणसे आपल्याच घरांच्या दगडांखाली गाडली गेली. २००२ साली पहिला पट्टा दुसऱ्यात विलीन करण्यात आला. तेव्हापासून देशातील कोणताही भाग अगदीच निर्धास्त मानला गेला नाही. भिलाईचा परिसर या नकाशात दुसऱ्या पट्ट्यात आला.

किल्लारीचा धडा केवळ नकाशापुरता नाही. तेथील माळवदी घरांच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या, दोन-अडीच फूट जाडीच्या, आणि वर मातीचे जड छत. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकत्र बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत बहुधा नसत. ही उणीव भरून काढण्याचा उपाय स्थापत्यशास्त्राला ठाऊक होता. संहिताही तेवीस वर्षांची झाली होती. पण ते पुस्तक त्या गवंड्याच्या हाती कधी पडलेच नव्हते. नियम केला आणि तो पोहोचला, या दोन गोष्टींमधील अंतर किती भयंकर असू शकते, हे त्या पहाटेने दाखविले.

येथे दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. नियम जितका कडक, तितके घर महाग, आणि घर जितके महाग, तितका गरीब माणूस परवानगीच्या वाटेला न जाण्याचा संभव अधिक. तो रविवारी गवंडी बोलावून एक खोली वाढवितो, पुढे त्यावर मजला चढवितो, तळाशी दुकान काढतो. अशी बांधकामे इतकी वाढतात की शासनालाच ती नियमित करून घ्यावी लागतात. छत्तीसगडने त्यासाठी २००२ साली स्वतंत्र कायदा केला. शुल्क भरून कागद नियमित होतो, पण त्याने खांबात एक सळईसुद्धा अधिक पडत नाही. नियमितीकरणाबरोबर इमारतीच्या बळकटीची तपासणीही झाली नाही, तर तो केवळ हिशेबाचा मेळ ठरेल. बाजारपेठेतील इमारतींत हा धोका दुणावतो, कारण तेथे रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना जिना अरुंद आहे की बाहेर पडण्याची दुसरी वाट बंद आहे, हे आग लागेपर्यंत कळत नाही.

जुन्या घरांचे काय करावे, हा शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न होय. सुधारित नियम सामान्यतः नव्या बांधकामाला लागू होतो. जपानने १९७८ च्या मियागी भूकंपानंतर १९८१ साली आपले नियम सुधारले. १९९५ साली कोबे शहर हादरले, तेव्हा १९८१ नंतरच्या इमारती पुष्कळ अंशी तगल्या. हानी झाली ती मुख्यतः जुन्यांची. जपानने त्याच वर्षी जुन्या इमारतींची तपासणी व बळकटी यांसाठी निराळा कायदा केला. नियम सुधारणे हे निम्मे काम आहे, याची ती कबुलीच होती. भिलाईची क्वार्टरे, नागपूरच्या जुन्या चाळी आणि मराठवाड्यातील उरलीसुरली माळवदे यांना नवी आवृत्ती छापून बळ येणार नाही. त्यांची यादी करणे, पाहणी करणे, ज्यांना काँक्रीटचा पट्टा वा आधार देऊन वाचविता येईल त्यांना वाचविणे आणि ज्यांचे आयुष्य सरले त्यांतील माणसांना वेळीच दुसरे घर देणे, हेच खरे नूतनीकरण होय.

शासनाने नियमाचा सोपा सारांश लोकांच्या भाषेत, चित्रांसह, गवंड्यापर्यंत न्यावा. नागरिकांनीही राजपत्रातील मसुदा हा वकील-अभियंत्यांचा विषय आहे, असे समजून बाजूला ठेवू नये. घर बांधताना नकाशा मंजूर झाला की नाही, एवढेच विचारून न थांबता, पाया किती खोल, सळई कोणती, बाहेर पडण्याच्या वाटा किती, हेही विचारावे. किल्लारीत ते विचारणारे कोणी नव्हते. भिलाईच्या सेक्टरांत आज जी मुले झोपली आहेत, त्यांच्या डोक्यावरील छत त्यांच्या आजोबांच्या काळातील नियमाने बांधलेले आहे. ते तपासून पाहण्यासाठी दुसऱ्या एखाद्या पहाटेची वाट पाहण्याचे कारण नाही.