आपले उन्हाळी शिबिर : त्याचा उगम, वाढ आणि आपले कर्तव्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या मेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी मागे वळून पाहण्याची आपली चाल आहे, आणि ती योग्यच आहे. देऊळ कसे उभे राहिले, घंटा केव्हा आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, हे इतर वक्ते आपणांस सांगतीलच. आम्हांस मात्र आज अशा एका संस्थेविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत, की जिला स्वतःच्या भिंती नाहीत आणि छप्परही नाही. वर्षातून थोडेच दिवस ती अस्तित्वात येते आणि शेवटच्या सकाळी मुलांनी आपापली अंथरुणे गुंडाळली की दिसेनाशी होते. ती संस्था म्हणजे आपल्या मुलामुलींचे उन्हाळी शिबिर होय.

सातारा-सांगलीकडील आपण कॅथॉलिक लोक संख्येने थोडे, आणि जे आहोत तेही दूरदूर विखुरलेले. कोणाचे वाडवडील रेल्वेच्या चाकरीनिमित्त मिरजेस आले, कोणी गोमंतकातून, कोणी वसईहून, तर कोणी नगरकडील खेड्यापाड्यांतून येथे स्थायिक झाले. एकाच बाकावर बसून मिस्साबलिदानात भाग घेणाऱ्या दोन मुलांच्या घरची बोली वेगळी, जेवण वेगळे, बापाची मिळकतही वेगळी. रविवारी तासभर ही मुले एकत्र येतात आणि पुन्हा आपापल्या वाटांनी जातात. सलग काही दिवस एका छपराखाली निजावे, एका पंगतीस जेवावे, भांडावे आणि पुन्हा एक व्हावे, ही संधी त्यांना शिबिराखेरीज दुसरीकडे कोठे मिळते? म्हणूनच शिबिराचा विषय आम्ही केवळ करमणुकीचा मानीत नाही.

प्रथम उगमाकडे वळू. आपल्या ख्रिस्तसभेत ह्या कल्पनेचे बीज शोधू गेल्यास संत जॉन बॉस्को यांचे नाव ओठांवर येते. १८४१ साली तुरीन शहरात त्यांनी रस्त्यावरच्या पोरक्या व कष्टकरी मुलांना जवळ करण्यास आरंभ केला. पुढे शरद ऋतूत ते आपल्या मुलांस घेऊन बेक्की ह्या आपल्या जन्मग्रामी पायी जाऊ लागले. वाटेत गावोगावी गाणी, वाद्ये, लहानशी नाटके आणि देवळात प्रार्थना, असा तो थाट असे. ह्याच बेक्की गावी १८५४ च्या ऑक्टोबरात दोमिनिक साव्हियो नावाचा एक मुलगा त्यांना प्रथम भेटला, आणि तो पुढे संतपदास पोहोचला. सालेशियन परंपरेत आणखी एक हकीकत सांगतात. १८५५ साली तुरीनच्या सुधारगृहातील सुमारे तीनशे मुलांना दोन बॉस्को यांनी एकही पहारेकरी न घेता दिवसभर सहलीस नेले, आणि सायंकाळी एकूण एक मुलगा परत आला. मुलांवर विश्वास टाकला असता ती त्यास पात्र ठरतात, हा शिबिराचा पहिला धडा होय.

दुसरा धडा स्वित्झर्लंडमधील एका प्रॉटेस्टंट पाळकाने दिला. १८७६ साली झुरिक येथील हेर्मान वाल्टर बिओन यांनी शहरातील गरीब कुटुंबांतील अडुसष्ट अशक्त मुलांना आपेन्झेलच्या डोंगराळ प्रदेशात सुट्टीसाठी नेले. थंड हवा ही केवळ धनिकांची मिरास नव्हे, हा त्यामागील विचार. तो झपाट्याने युरोपभर पसरला आणि फ्रान्समधील अनेक कॅथॉलिक धर्मग्रामांनीही तो उचलला. अमेरिकेत १८८५ साली समनर डडली यांनी यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या मूठभर मुलांना सरोवराकाठी तंबूत नेले. त्यांनी आरंभिलेले शिबिर त्यांच्याच नावाने आजतागायत चालू आहे.

पुढे १९०७ च्या ऑगस्टात बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांतील काही मुलगे इंग्लंडातील बड्या शाळांचे, तर काही कामकरी वस्त्यांतील होते, आणि दोघांनाही एकाच तंबूत ठेविले होते. फ्रान्समध्ये येशूसंघीय धर्मगुरू जाक सेव्हँ यांनी हीच पद्धत कॅथॉलिक जीवनाशी जोडून १९२० साली तेथील कॅथॉलिक बालवीर संघाच्या स्थापनेस हातभार लाविला. आपल्या देशात मात्र ह्या चळवळीची सुरुवात पंक्तिभेदाने झाली. १९०९ साली येथे बालवीरांची पथके निघाली ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. म्हणून आपल्या लोकांनी वेगळी पथके उभारली, आणि शेवटी १९५० साली भारत स्काउट्स आणि गाईड्स ही एकत्रित संस्था झाली.

आता आपल्या डोंगरांकडे पाहू. महाबळेश्वरास १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हवा पालटण्याचे ठाणे वसविले. त्यासाठी साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याकडून ही जागा खंडाळा गावाच्या मोबदल्यात घेण्यात आली. पुढे कित्येक वर्षे चिनी व मलायी कैदी तेथे ठेविले होते आणि त्यांच्या श्रमांतून तेथील भाजीपाल्याच्या बागा वाढल्या. म्हणजे साहेब लोकांच्या विश्रांतीस बंदिवानांचे हात लागले! पाचगणीची वसाहत जॉन चेसन यांनी १८६० नंतरच्या दशकात रुजविली. वाठार स्टेशनावर उतरून टांग्याने वाईस यावे आणि तेथून पसरणीचा घाट चढावा, असा एके काळी तेथला मार्ग होता. १८९५ साली ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ ह्या संघाच्या धर्मभगिनींनी तेथे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट ही शाळा काढली. आरंभीच्या काळात पाचगणीच्या अनेक शाळा मुख्यतः युरोपीय मुलांसाठी असत. मागाहून पारशी, हिंदू व मुसलमान समाजांनीही तेथे आपापल्या शाळा स्थापिल्या. १९६८ साली राजमोहन गांधी व त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने तेथे ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र उभे राहिले आणि निरनिराळ्या धर्मांचे तरुण तेथील शिबिरांत एकत्र बसू लागले. जो डोंगर निवडक लोकांसाठी राखलेला होता तो असा हळूहळू सर्वांचा होत गेला. आज आपली मुले टेबललँडच्या पठारावर धावतात तेव्हा ह्या बदलाची त्यांना कल्पना नसते. ती त्यांना द्यावी असे आम्हांस वाटते.

परंतु एका पंगतीचे शिक्षण ह्या भूमीत केवळ बाहेरून आले असे कोणी समजू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे नाना जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींनी ते पाहिले व त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथील मुले स्वतःच्या श्रमाची भाकरी खाऊन शिकली. ज्या जिल्ह्यात हे घडले त्या जिल्ह्यातील ख्रिस्ती मुलांच्या शिबिरात उच्चनीच भाव शिरला, तर ती दुप्पट लाजेची गोष्ट होईल. एकदा आपल्या शेजाऱ्यांपुढे, आणि एकदा त्या प्रभूपुढे, ज्याने शेवटच्या भोजनसमयी आपल्या शिष्यांचे पाय धुतले.

धर्मगुरूंनी तरुणांत कसे वावरावे ह्याचा कित्ता संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी घालून दिला आहे. पोलंडात साम्यवादी सरकारने कॅथॉलिक युवक संघटनांवर बंदी घातली होती. तेव्हा कारोल वोय्तिवा हे तरुण धर्मगुरू साध्या वेषात विद्यार्थ्यांस घेऊन डोंगरांत व नद्यांवर जात. कोणास संशय येऊ नये म्हणून विद्यार्थी त्यांना ‘वुयेक’, म्हणजे ‘काका’, अशी हाक मारीत. उलटी ठेवलेली होडी हीच त्यांची वेदी असे. १९५८ साली महागुरुपदी नेमणूक झाल्याची वार्ता त्यांना अशाच एका नौकाप्रवासात कळली. ती स्वीकारून ते पुन्हा आपल्या मुलांकडे परतले. पुढे पोप झाल्यावर त्यांनीच जागतिक युवा दिनाची प्रथा सुरू केली, आणि १९८६ च्या फेब्रुवारीत त्यांचे पाय आपल्या पुण्यासही लागले.

दुसरे उदाहरण एका प्रापंचिक तरुणाचे. तुरीनचे पिएर जॉर्जो फ्रास्साती हे श्रीमंत घरातील चिरंजीव. त्यांना आल्प्स पर्वत चढण्याचा मोठा नाद; मित्रांस घेऊन ते शिखरे गाठीत आणि तेथे प्रार्थना करीत. परंतु डोंगरावरून उतरले की त्यांची पावले गरिबांच्या खोल्यांकडे वळत. गाडीभाड्याचे पैसे देखील ते गरजूंस देऊन टाकीत. १९२५ साली वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी त्यांना मृत्यू आला, तेव्हा अंत्ययात्रेस शहरातील गोरगरीब लोटले. आपला मुलगा कोण होता हे कित्येक अंशी त्याच्या घरच्यांस त्या दिवशी कळले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. डोंगर चढावयाचा तो खालच्या लोकांस विसरण्यासाठी नव्हे, हे ह्या तरुण संताने आपल्या अल्प आयुष्यात दाखवून दिले.

आता आपल्या शिबिराचा दिनक्रम पाहा. पहाटे घंटा होते, प्रार्थना व मिस्सा होते, मग झाडलोट आणि पाणी भरणे. न्याहारीनंतर धर्मशिक्षण, दुपारी हस्तकला किंवा वाचन, उन्हे उतरली की खेळ, तिन्हीसांजेस जपमाळ, आणि रात्री शेकोटीभोवती गाणी व नाटुकली. ह्यांत नवलाचे असे काय आहे? काहीच नाही. परंतु घरी पाण्याचा पेला देखील हातात मागणारा मुलगा येथे आपले ताट आपण घासतो, दुसऱ्यास वाढल्यावाचून स्वतः जेवावयास बसत नाही, आणि ज्याचे नावही ठाऊक नव्हते त्या आजारी सोबत्याच्या उशाशी बसतो, हे आम्हांस लहान वाटत नाही. प्रश्नोत्तरांच्या पुस्तकातील शेजारप्रेमाचे पाठ त्याने तोंडपाठ केलेलेच असतात. येथे ते त्याच्या हातापायांत उतरतात.

ह्या शिक्षणाची परीक्षा शिबिरात होत नाही, ती खाली होते. कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते. परंतु तिचे पाणी वाई, माहुली, कराड करीत सांगलीच्या शिवारात येते तेव्हाच त्याचे सोने होते. आणि हीच माई कोपली म्हणजे काय होते, हे २००५, २०१९ आणि २०२१ ह्या साली सांगलीकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पूर ओसरल्यावर चिखल उपसावयास, शंभर माणसांचे पिठले-भात रांधावयास, रांग न मोडता अन्न वाटावयास आणि घाबरलेल्या म्हाताऱ्यास धीर द्यावयास जी माणसे लागतात, ती एका रात्रीत तयार होत नाहीत. ती शिबिरासारख्या ठिकाणी हळूहळू घडतात.

इतके बोलल्यावर आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. शिबिराच्या यादीत दरवर्षी जी नावे असतात ती आपण वाचतो. जी नावे त्या यादीत येतच नाहीत, ती कोणी वाचतो काय? शेतमजुराची मुलगी, विधवेचा मुलगा, दुसऱ्याच्या दुकानात सुट्टीभर राबणारा पोर, ह्यांना वर्गणी परवडत नाही, आणि मागावयास संकोच वाटतो. मग ती सांगतात की, ‘आम्हांला यावयाचे नाही.’ हे उत्तर खरे मानून आपण पुढे जातो. असे होत राहिले, तर आपले शिबिर पुन्हा निवडक लोकांचा डोंगर होऊन बसेल.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षी तीन गोष्टींचा निश्चय आपण करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. पहिली, ज्या घरास शक्य आहे त्याने आपल्या मुलाबरोबर आणखी एका मुलाचा खर्च उचलावा. तो कोणाचा हे फक्त धर्मगुरूंस ठाऊक असावे. मुलांस ते कधीही कळू नये. दुसरी, मुलींना मुलांइतकेच स्थान असावे. त्यांच्या देखरेखीस धर्मभगिनी व अनुभवी माता असाव्यात, आणि कोणतेही मूल कोणाही एकट्या प्रौढाच्या स्वाधीन राहू नये, हा नियम सर्वांसाठी कडकपणे पाळला जावा. आईबापांचा विश्वास ही शिबिराची खरी ठेव आहे. तिसरी, शिबिरातून परतलेल्या मुलामुलींस वर्षभर काहीतरी सेवेचे काम नेमून द्यावे, आजाऱ्यांची भेट असो, लहानांचा अभ्यास असो वा देवळाची स्वच्छता असो. नाहीतर शेकोटीची राख होते आणि ऊबही तिच्याबरोबर जाते.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी हे देऊळ बांधिले तेव्हा त्यांच्यापाशी फार द्रव्य होते असे नाही. त्यांनी आपल्या भाकरीतील चतकोर बाजूस काढला आणि त्याचे हे दगड झाले. आपणांस त्यांनी भिंती दिल्या. त्यांत उद्या कोण येऊन गुडघे टेकणार, हे आपण ठरवावयाचे आहे. येत्या उन्हाळ्यात शिबिराची पंगत बसेल तेव्हा वर्गणीअभावी एकही पान रिकामे राहू नये, इतके जरी आपण साधले तरी हा महोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.

पवित्र मरिया माता आपल्या सर्व मुलामुलींवर कृपादृष्टी ठेवो, आणि त्यांच्या हातून प्रभूची व शेजाऱ्यांची सेवा घडो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.