बाळाची वही



ह्या व्यासपीठावरून गेले काही दिवस आपण मोठमोठे विषय ऐकत आहात. कोणी राज्यघटनेवर बोलले, कोणी संतवाङ्मयावर बोलले, काल तर धरणाच्या पाण्याचा सारा हिशेब आपणांपुढे मांडला गेला. अशा मालिकेत ‘तान्ह्या मुलाकडे पाहावे कसे’ हा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, तेव्हा मागच्या बाकांवर थोडी हसाहशी झाली, ती आम्ही ऐकली. त्या मंडळींवर आमचा राग नाही. चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही श्रोत्यांत असतो, तर आम्हीही हसलो असतो. मुलाकडे पाहायला का शिकावे लागते? डोळे आहेत, मूल समोर आहे, पाहिले की झाले!

झाले नाही, म्हणून तर आज बोलायला उभे आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे, मानसशास्त्राचे पंडित नव्हे. आमचा जन्म खतावण्या लिहिण्यात गेला. आम्ही बोलणार आहोत ते एका बापाच्या नात्याने, आणि त्यातही चुकलेल्या बापाच्या नात्याने.

परंतु प्रथम एका दुसऱ्या बापाची गोष्ट सांगतो. चार्ल्स डार्विन हे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. माणसाचा आणि माकडाचा पूर्वज एकच, असे म्हणणारा तो विद्वान. त्याला 27 डिसेंबर 1839 रोजी पहिला मुलगा झाला, आणि ह्या गृहस्थाने पाळण्याशेजारी बसून वही लिहायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात मूल शिंकते, उचकी देते, जांभई देते, आळस देते, हे सारे त्याने टिपले. सातव्या दिवशी कागदाचा कपटा तळपायाला लावून पाहिला, तर मुलाने पाय झटकन मागे घेतला. नवव्या दिवशी त्याची नजर मेणबत्तीवर ठरली. पुढे कितीतरी दिवस ती दुसऱ्या कशावर ठरेना. एकोणपन्नासाव्या दिवशी एका रंगीत गोंड्यावर ठरली. बरोबर वर्षाचा झाला तेव्हा त्या मुलाने खाऊसाठी ‘मम्’ असा एक शब्द स्वतःच तयार केला. आपल्या घरोघरी ‘मंमं’ चालतेच. तेव्हा हे इंग्रज मूल आपल्याला काही परके वाटण्याचे कारण नाही! तेन ह्या फ्रेंच लेखकाने आपल्या मुलीविषयी लिहिलेला असाच एक लेख वाचनात आला, तेव्हा डार्विनने ती जुनी वही काढली आणि 1877 साली आपली टिपणे छापली. मध्ये सदतीस वर्षे गेली होती.

ह्या वहीत आम्हांला काय आवडले म्हणाल, तर तिच्यात ‘माझे मूल किती हुशार’ हे सांगण्याची धडपड नाही. कोणत्या दिवशी काय घडले, कशामुळे घडले, आणि काय घडले नाही, एवढेच आहे. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. जे घडले ते कोणीही लिहील. जे घडायला हवे होते आणि घडले नाही, ते टिपायला वेगळी नजर लागते.

आता आमची वही. आमची मुलगी जून 2001 मध्ये जन्मली. खतावणी लिहिणाऱ्या माणसाने मुलीची वही कशी ठेवली असेल, हे आपण ओळखलेच असेल. डाव्या रकान्यात तारीख, उजव्या रकान्यात वजन. जन्माचे वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. पाचव्या महिन्यात ते दुप्पट झाले, वर्षाला तिप्पट झाले. हा हिशेब अगदी पुस्तकाबरहुकूम होता, आणि दर महिन्याची बेरीज पाहून आम्ही खूष होत होतो. मान कधी धरली, पालथी कधी पडली, दात कधी आला, ह्यांच्या तारखा होत्या. त्यांच्याशेजारी बारीक अक्षरात शेजारच्या घरच्या मुलाच्याही तारखा होत्या! तो पंधरा दिवस आधी रांगला, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस जेवणावर वासना नव्हती. आमची मुलगी त्याच्या आधी बसली, तेव्हा आम्ही पेढे वाटले.

श्रोतेहो, ह्या शर्यतीला काडीचाही अर्थ नाही, हे आम्हांला पुढे कळले. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली बाळांच्या वाढीची नवी प्रमाणे प्रसिद्ध केली. त्यांसाठी सहा देशांतली मुले पाहिली होती आणि त्यांत आपल्या देशातली, दिल्लीची, मुलेही होती. निरोगी मूल आधाराशिवाय कधी बसते? कोणी चौथ्या महिन्याच्या सुमारास, तर कोणी नऊ महिने उलटल्यावर. एकटे कधी चालते? कोणी आठ महिन्यांचे होऊन थोडे दिवस झाले की, तर कोणी साडेसतरा महिन्यांचे झाल्यावर. आणि शंभरांतली चारएक मुले हातगुडघ्यांवर रांगतच नाहीत. ती बसल्या जागेवरून सरळ उभी राहतात आणि चालू लागतात. ही सारी मुले धडधाकट. तेव्हा शेजारच्या मुलापेक्षा पंधरा दिवस मागे-पुढे म्हणजे काहीच नव्हे. आम्ही नेमके त्या पंधरा दिवसांवर डोळे लावून बसलो होतो, आणि पाहण्यासारखी गोष्ट आमच्या पाठीमागून चालली होती.

2001 ची दिवाळी आली. मुलगी पाच महिन्यांची होती. आळीतली पोरे सुतळी बाँब उडवीत होती, शेजारचा रांगणारा गडी किंचाळून आईला बिलगत होता, आणि आमची मुलगी शांत झोपली होती. आम्ही वहीत लिहिले: ‘आज फटाक्यांच्या आवाजातही झोप मोडली नाही. फार गुणी आहे.’

पुढे संक्रांतीनंतर तिचे बोरन्हाण केले. हलव्याचे दागिने घातले, बोरे, कुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतले, मुलांची एकच झुंबड उडाली. त्या गर्दीत आमच्या मातोश्री मुलीच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी तिला लाडक्या नावाने तीनदा हाक मारली. मुलीने मान वळवली नाही. मग त्या पुढे वाकल्या, त्यांची सावली अंगावर पडली, तशी ती वळली आणि खुदकन हसली. रात्री मातोश्री आम्हांला म्हणाल्या, “अरे, पोरीला हाकेला ओ नाही.” आम्ही म्हणालो, “आई, ती खेळात गुंग होती. तू उगाच काहीतरी मनात आणू नकोस.” आम्ही शिकलेले होतो ना! अक्षरओळख नसलेल्या बाईने एका क्षणात जे पाहिले, ते आम्ही सात महिने वही लिहूनही पाहिले नव्हते.

आपण विचाराल, मुलगी आवाज तरी काढत होती की नाही? काढत होती, आणि तिथेच आम्ही फसलो. ज्या मुलाला ऐकू येत नाही, तेही पहिले काही महिने इतर मुलांसारखेच हुंकारते, ‘अंगू’ म्हणते, खिदळते. फरक पुढे पडतो. ऐकणारे मूल सहाव्या ते दहाव्या महिन्याच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ लावू लागते, कारण ते आपलाही आवाज ऐकते आणि आपलाही. आमच्या मुलीची माळ लागलीच नाही. तिचे हुंकार हळूहळू कमी होत गेले. दार वाजले की ती पाहते, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. पण ती पाहत होती ती जमिनीचा हादरा, वाऱ्याची झुळूक, बदललेला उजेड. म्हणून टाळ्या वाजवून किंवा ताट बडवून घरच्या घरी जी परीक्षा आपण घेतो, तिच्यावर विसंबू नये.

वर्ष उलटून गेल्यावर तिच्या आईने हट्ट धरला, तेव्हा आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिचे वजन केले, ते उत्तम भरले. “काही मुले उशिरा बोलतात, दोन वर्षांपर्यंत वाट पाहा,” असे त्यांनी सांगितले. आम्हांला तेच ऐकायचे होते, म्हणून आम्ही वाट पाहिली. फेब्रुवारी 2003 मध्ये, मुलगी वीस महिन्यांची असताना, तिला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासणी झाली. दोन्ही कानांनी तिला फारच थोडे ऐकू येत होते. त्या रात्री आम्ही उभयतांनी ती वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. वजनाच्या नोंदी अडतीस. आवाजाविषयीची नोंद एकच, ‘फार गुणी आहे’ ही.

हे ऐकवून आपणांला रडवावे, असा आमचा हेतू नाही. वीस महिने म्हणजे नेमके काय गमावले, ते सांगायचे आहे. मूल पोटात असतानाच, सुमारे सहाव्या महिन्याच्या पुढे, ऐकू लागते. जन्मून दोन-तीन दिवस झालेली बाळे परक्या बाईच्या आवाजापेक्षा स्वतःच्या आईचा आवाज ओळखून तोच ऐकू पाहतात, असे 1980 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. म्हणजे ज्याला आपण ‘पहिला शब्द’ म्हणून कौतुक करतो, त्याच्या मागे वर्ष-सव्वा वर्षाचे मुके श्रवण उभे असते. मेंदूचा तो भाग ह्याच काळात आवाजावर पोसतो. आवाज पोहोचलाच नाही, तर तो उपाशी राहतो. म्हणून जाणकार सांगतात की, बाळाच्या कानांची पहिली चाचणी पहिल्या महिन्यात व्हावी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान पक्के व्हावे, आणि सहाव्या महिन्याच्या आत उपाय सुरू व्हावा. पहिली चाचणी फार सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात एक लहानसे बोंडूक ठेवतात, त्यातून बारीक आवाज सोडतात, आणि आतला कान त्याला जो प्रतिसाद देतो तो यंत्र टिपते. काही मिनिटांचे काम. सुई नाही, दुखणे नाही. सरकारने 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, त्याच्या तपासणीत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. आमच्या वेळी ते नव्हते. आपल्या नातवंडांच्या वेळी आहे. तेव्हा मागून घ्या, विचारून घ्या.

मग पाहावे तरी काय? शंभर गोष्टी पाहण्याची गरज नाही. तारखांची घाई करू नये, पण काही खुणा नजरेआड होऊ देऊ नयेत. दोन महिन्यांचे बाळ आपण हसलो की उलट हसते का? तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नजर माणसाच्या मागे फिरते का, मान ठरते का? सहाव्या महिन्यात न दिसणाऱ्या माणसाच्या आवाजाकडे वळते का? नवव्या महिन्यात नावाला ओ देते का, अक्षरांची माळ लावते का? वर्षाच्या आसपास बोटाने चंद्र, काऊ, चिऊ दाखवते का? दोन्ही हात, दोन्ही पाय सारखेच हलतात का? आणि सर्वांत मुख्य म्हणजे, जे एकदा येत होते ते जाऊ लागले आहे का? हसणारे मूल हसेनासे झाले, बडबडणारे गप्प झाले, तर ‘नजर लागली’ म्हणून मिठमोहऱ्या ओवाळाव्यात, आमची ना नाही. पण त्याच दिवशी डॉक्टरही गाठावा. आणि ‘वाट पाहा’ असे उत्तर मिळाले, तर ‘कोणत्या तारखेपर्यंत, आणि तोपर्यंत काय पाहू?’ हे विचारून मगच उठावे.

ह्या पाहण्यात आनंदही फार आहे. आमच्या धाकट्या मुलाच्या वेळी तो आम्ही मनसोक्त लुटला. त्याच्या कानांची तपासणी पहिल्याच महिन्यात करून घेतली होती. जिनीव्हाचे पियाजे हे विद्वान आपल्या तीन मुलांचे खेळ वर्षानुवर्षे टिपून ठेवीत. खेळण्यावर फडके टाकले की लहान बाळाच्या दृष्टीने ते खेळणे जगातूनच नाहीसे होते. आठ-नऊ महिन्यांचे मूल मात्र फडके ओढून शोधते, असे त्यांनी दाखविले. हे वाचून आम्ही खुळखुळ्यावर टॉवेल टाकला. सातव्या महिन्यात चिरंजीव दुसरीकडे पाहू लागले. नवव्या महिन्यात त्यांनी टॉवेल फेकून दिला आणि आमच्याकडे असे पाहिले, की बापाला एवढेही कळत नाही! आपल्या आज्या पदराआड तोंड लपवून ‘कुक्’ करतात, तो हाच प्रयोग. पूर्वी घरात आजी असे, आत्या असे, न्हाऊ घालणारी बाई असे. एका बाळावर दहा डोळे असत. आता दोघेच असतात, आणि तिसरा मोबाईल. त्यात हजार छायाचित्रे निघतात, पण बाळ गोड दिसते तेव्हाची. न वळलेल्या मानेचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

आमच्या मुलीला बाविसाव्या महिन्यात श्रवणयंत्रे मिळाली. नंतर कितीतरी वर्षे तिच्या आईने तिच्याशी एकेक शब्द तोंडाकडे बोट दाखवून बोलून काढला. आज ती नोकरी करते, बोलते, वाद घालते. ‘स’ आणि ‘श’ तिचे अजून एकमेकांत मिसळतात. मध्यंतरी तिने ती वही वाचली. दिवाळीच्या नोंदीपाशी ती बराच वेळ थांबली. आम्ही मान खाली घातली होती. ती म्हणाली, “बाबा, हे पान फाडू नका. कोणाला तरी दाखवा.” तिच्या सांगण्यावरून ते पान आज आपणांला दाखविले आहे.

 घरी गेल्यावर बाळ जागे असेल, तर त्याला मागून, सावली न पाडता, हळू आवाजात एक हाक मारा. त्याने मान वळवली नाही, तर रागावू नका, आणि स्वतःची समजूतही घालू नका. उद्या सकाळी पुन्हा हाक मारा, आणि दोन्ही वेळचे वहीत लिहून ठेवा. दोन्ही वेळा मान वळली नाही, तर ती वही घेऊन कान तपासायला जा.